बारवी प्रकरण आणि माझं परराष्ट्र धोरण

रविवार, २ ऑक्टोबर १९८८

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, सरस्वतीलाही नाही. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाने निदान स्वतःशी तरी स्पष्ट बोलावं.

कुळगावच्या आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब गुडघ्यांमुळे पद सोडतायत. सकाळच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. दिवाळी झाली की १३ नोव्हेंबरला नवीन अध्यक्ष. वाचनालय निघालं तेव्हापासून मी सभासद आहे. एक पुस्तक उशिरा परत केलेलं नाही, एका पानाचा कोपरा दुमडलेला नाही. आजही मला पहिल्या रांगेत, टेबलाला अगदी चिकटून बसवलं. सेक्रेटरी किसन मास्तर माझी खुर्ची स्वतः पुढे ओढतात. इतर कुणाची ओढत नाहीत. नानासाहेबांची बातमी सगळ्यांना तोंडी सांगितली, मला मात्र ठळक अक्षरात लिहून हातात दिली. मास्तरांचं मत कुणाला, हे कळायला ज्योतिषी नको.

लगेच नाव दिलं. येताना मारुतीला नारळ बोललो.

संध्याकाळी. शेजाऱ्यानेही नाव दिलंय. नारळ तूर्त स्थगित.

सोमवार, ३ ऑक्टोबर

शेजारी म्हणजे हेमचंद्र. बेलवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांची एकच भिंत. आमचा अबोला आहे. तीन वर्षं एक शब्द नाही. अबोल्याचे नियम असतात. ज्याच्याशी बोलत नाही त्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही. निरोप बायकोमार्फत. बायको घरात नसेल तर भिंतीकडे बघून. मी सगळे कडक पाळलेत. रोजनिशीतही यापुढे नाव लिहिणार नाही. शेजारी, एवढंच.

उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या कापडाच्या पेढीवर असतो. वाचनालयात माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. कानामागून आला आणि तिखट झाला. येतो तो गप्पा मारायला. जाड पुस्तक नेताना मी त्याला पाहिलेला नाही. तरी लोक त्याच्याभोवती. या वयात डोक्यावर एवढे केस की टोपी घातल्यासारखी वाटते. स्कूटर आहे. कलर टीव्ही आहे.

मला केसांचं काही नाही. टीव्हीचंही नाही. हसण्याचं मात्र आहे. तो हसला की बाकीचे हसतात, आणि भिंतीतून ऐकताना त्यात कधीकधी सरस्वतीचा आवाज असतो. तो आवाज आमच्या घरात बरेच दिवस ऐकलेला नाही.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

किसन मास्तरांच्या डोक्यात नवीन खूळ. मास्तर पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. तिकडे अमेरिकेत प्रेसिडेंटची निवडणूक आहे. दोन्ही उमेदवारांना स्टेजवर समोरासमोर उभं करतात आणि रशियाशी कसं वागणार, अमक्याशी कसं वागणार, असं विचारतात. मास्तर म्हणाले, आपल्याकडेही तसंच करू. ३० तारखेला शाळेच्या हॉलमध्ये जाहीर वाद. विषयही तिकडचाच: शत्रुराष्ट्राशी बोलणी करावी की करू नये.

नानासाहेबांनी विचारलं, अरे पण वाचनालयाच्या अध्यक्षाचा रशियाशी संबंध काय? मास्तर म्हणाले, रशियाचं राहू दे, नगरपालिकेत ग्रँट मागायला गेल्यावर चार वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत.

चिठ्ठ्या टाकल्या. मला निघालं, करावी. शेजाऱ्याला, करू नये.

घोटाळा झाला. करू नये या बाजूचा मला तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. चिठ्ठी बदलून मागितली तर मास्तरांनी नुसती पाठ थोपटली. असो. खरा मुत्सद्दी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून तयारी.

शनिवार, ८ ऑक्टोबर

काल उठलो नाही. आज उठलो, पण नळाला बारवी धरणाचं पाणी आलं होतं, पिंपं भरण्यात वेळ गेला.

अंबरनाथला कारखान्यात मी स्टोअर्सला आहे. तिथे बबन शेजारच्या टेबलावर. त्याला विषय सांगितला. तो म्हणाला, साहेब, तुमचं तर शेजारच्याशीच वाकडं, का म्हणून? तेव्हा त्याला बारवी प्रकरण सांगावं लागलं. इथेही नोंदवून ठेवतो.

१९८५. वाचनालयाची सहल, बारवी धरण. जेवणं झाली, सगळे झाडाखाली बसले. मी एक विनोद सांगत होतो. जरा लांबीचा आहे, पण बांधीव. शेवटचं वाक्य यायचं तिथे मी पॉझ घेतला. पॉझ हा विनोदाचा प्राण. त्या पॉझमध्ये शेजाऱ्याने शेवटचं वाक्य म्हणून टाकलं. असा हशा झाला की खाचरात लावणी करणाऱ्या बायका कमरा सरळ करून बघायला लागल्या. सरस्वती पदराने डोळे पुसत होती. विनोद माझा, मेहनत माझी, हशा त्याचा. त्या संध्याकाळपासून अबोला.

बबन म्हणाला, बास, एवढंच?

बबनशीही दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

बबनशी बोलणं पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात त्याच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही. जाड कातडीची माणसं.

जिन्यात शेजारी आडवा आला. नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला वळून, तोंड जवळ आणून, दुसऱ्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला, काय दौलतराव, तयारी कशी काय? वर हाताने लिहिण्याची खूण. तीन वर्षं हे असंच चालू आहे. मी उत्तर देत नाही हे झोंबतं, म्हणून डिवचायला ओरडतो. मी कठड्याकडे बघून मान हलवली. मान हलवणं बोलण्यात धरत नाहीत.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

टीव्हीच्या इंग्रजी बातम्यांत अमेरिकेतल्या वादाचा तुकडा दाखवणार अशी आवई. अख्खी बिल्डिंग शेजाऱ्याच्या घरी जमली. सरस्वतीही गेली. वर मला विचारते, तुम्ही पण चला की. मी तत्त्वासाठी घरी थांबलो.

स्टीलचा पेला उपडा करून भिंतीला लावला की पलीकडचं स्वच्छ ऐकू येतं. माझे कान पहिल्यापासून तयार आहेत. अंजनी, म्हणजे शेजाऱ्याची बायको, तिने भजी तळली. घाणे किती झाले तेही सांगू शकतो. अमेरिकेचा तुकडा चहाचा कप उचलेपर्यंत संपला. मग शेजाऱ्याने काहीतरी म्हटलं आणि हशा. मग त्याचाच आवाज हळू झाला. म्हणाला, बिचारा, एवढं वाचतो, पण काय उपयोग.

बहुतेक अमेरिकेतल्या त्या उमेदवाराबद्दल, डुकाकिसबद्दल असावं.

सरस्वती अचानक आली. पेला कशाला, विचारलं. ढेकूण शोधतोय म्हणालो. तिने पदराखालून माझ्यासाठी चार भजी काढली. अंजनीने दिलीत म्हणाली. शत्रूचं अन्न. दोन खाल्ली. मग उरलेली दोन टाकून द्यायला जिवावर आलं.

गुरुवार, २० ऑक्टोबर. दसरा

शेजारी आपट्याची पानं घेऊन दारात. ओरडला, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! माझ्या हातात पानं कोंबली आणि मिठी मारली. सणासुदीच्या दिवशी माणूस मिठीत प्रतिकार करू शकत नाही. मी पानं घेतली, परत दिली, तोंड उघडलं नाही. कुठेही नियमभंग नाही.

केसांना कसलंतरी तेल लावतो. वास चांगला आहे. विचारणार कसं?

रविवार, २३ ऑक्टोबर

भाषण अठरा पानं झालं. सरस्वतीसमोर रिहर्सल. ती लसूण सोलत होती. सातव्या पानावर ती खुदकन हसली. मला बरं वाटलं. वास्तविक तिथे विनोद नव्हता, नि:शस्त्रीकरण होतं. विचारलं तर म्हणाली, काही नाही, काल भावजींनी टीव्हीवरच्या बाईची नक्कल केली ती आठवली. भावजी! हे नातं कधी जोडलं?

मला वाईट वाटलं. स्वच्छ लिहितो, हेवा वाटला. तो खोलीत नसतानाही माझ्या बायकोला हसवतो आणि मी समोर उभा राहून अठरा पानं वाचतोय.

भाषण संपल्यावर सरस्वती म्हणाली, सगळं पटलं हो, शत्रूशी बोलावं. मग घरापासून सुरू करा की. तिला समजावलं की परराष्ट्र धोरण वेगळं आणि घरचं वेगळं. ती लसणाची टरफलं भरायला लागली. गाढवापुढे वाचली गीता.

बुधवार, २६ ऑक्टोबर

प्रचार. कारखान्यातून परस्पर कुळगावला उतरलो. अनुभव फार चांगला. लोक दोन्ही हातांनी माझा हात धरतात आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतात. याला म्हणतात आदर. वाण्याने तर काही न बोलता बोटांनीच दोन मतं दाखवली, त्याचं आणि बायकोचं. वाचनालयाच्या सगळ्यात वयस्कर सभासद वेणूबाई, त्यांनी गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, हेमचंद्र पण तुमचं फार चांगलं सांगत होता हो.

म्हणजे शेजारी घरोघरी जाऊन माझं चांगलं सांगतोय. कसला डाव असेल? मघापासून विचार करतोय. डाव इतका खोल आहे की अजिबात दिसत नाही.

रविवार, ३० ऑक्टोबर

जिंकलो. दुसरा शब्द नाही. क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. आधी शेजारी. उभा राहिला आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की बोलू नये ही बाजू आपल्याला झेपायची नाही. म्हणाला, आमचा शेट सकाळी ज्या गिऱ्हाइकाला चल निकल म्हणतो, दुपारी त्यालाच साईं, चाय पियो म्हणून गादीवर बसवतो. मी त्याच्या हाताखाली वाढलो, मी काय अबोला धरणार? हशा. मग म्हणाला, तरी चिठ्ठी निघाली आहे म्हणून सांगतो, शत्रूशी बोलू नका. बोललात तर वैर संपेल आणि मग संध्याकाळी ओट्यावर बसून बायकांनी कुणाबद्दल बोलायचं? पुन्हा हशा. बसला. याला भाषण म्हणायचं? पॉइंट एक नाही. टाळ्या मात्र.

मग मी. अठरा पानं. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मला टाचणीच काय, मागच्या रांगेतलं कुजबुजणंही येत होतं. कुणीतरी म्हणालं, किती जिद्द बघा. वेणूबाईंनी बाराव्या पानावर डोळे पुसले. बारावं पान बर्लिनच्या भिंतीचं आहे. भिंत हा विषय मी आतून लिहिलाय.

मग प्रश्न. प्रत्येकाने दुसऱ्याला एक विचारायचा. इथे अबोला मोडण्याचा धोका होता, पण मी तयार होतो. नानासाहेबांकडे वळून म्हणालो, अध्यक्ष महाराज, समोरच्या उमेदवारांना आपल्यामार्फत विचारावं की त्यांनी या विषयावर एक तरी पुस्तक वाचलंय का? शेजारी माझ्याकडे बघून, ओठ मोठे करकरून म्हणाला, ना-ही. लाजही नाही.

त्याची पाळी आली तेव्हा तो जागा सोडून माझ्या उजव्या बाजूला आला, वाकला आणि ओरडून काहीतरी विचारलं. काहीतरी कशाला, सगळं ऐकू आलं. पण उत्तर द्यायचं म्हणजे त्याच्याशी बोलणं आलं. एवढ्याशा टाळ्यांसाठी तीन वर्षांची पॉलिसी मोडायची? मी नानासाहेबांकडे बघत राहिलो. शेवटी किसन मास्तर उठले आणि फळ्यावर हातभर अक्षरात प्रश्न लिहिला: शत्रू उत्तरच देत नसेल तर काय करावं?

लेखी प्रश्न! युनोमध्ये असंच चालत असणार. मी खडू घेतला आणि खाली लिहिलं: तरीही बोलत राहावं.

काय टाळ्या! लोक उभे राहिले. वेणूबाई हुंदके देत होत्या. शेजारीही उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याचे डोळे ओले होते. पराभव माणसाला रडवतो. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

शनिवार, ५ नोव्हेंबर

शेजाऱ्याने नाव मागे घेतलं! मी बिनविरोध.

मास्तरांनी घरी येऊन चिठ्ठी दिली. तोंडाने सरस्वतीला म्हणाले, हेमचंद्र स्वतःहून आला होता, म्हणाला दौलतरावांसमोर उभं राहणं बरं दिसत नाही. अर्थ उघड आहे. घाबरला.

मारुतीला नारळ फोडला. नवीन धोतर काढलं. खुर्चीत कसं बसायचं याचा आरशासमोर सराव. उजवा पाय डाव्यावर जास्त शोभतो.

बुधवार, ९ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

रेडिओवर बातमी. अमेरिकेत बुश निवडून आले. इकडे मी. एकाच आठवड्यात दोन निकाल. मास्तरांना दाखवून दिलं की हा योगायोग नाही. त्यांनी हसून मान डोलावली.

शेजाऱ्यांचा आकाशकंदील आमच्याहून मोठा. अंजनी फराळाचं ताट घेऊन आली, मागून तो. अभिनंदन असा ओरडला की कंदील हलला. चकली कुरकुरीत. आमची मऊ पडली आहे. सरस्वतीला म्हणालो, तेलाला दोष असेल. ती म्हणाली, तेल दोघींनी एकत्रच आणलं होतं.

ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून सरस्वतीने आमच्या मऊ चकल्या घालून पाठवलं. भिंतीला पेला लावला. तो अंजनीला म्हणत होता, अगं मस्त झाल्यात, दाताला त्रास नाही.

याचा असा राग येतो की सांगता येत नाही. निंदा तरी करावी ना माणसाने.

मात्र जिंकलेल्याने उदार असावं. अबोला संपवण्याचा विचार पक्का केला. अटींवर.

गुरुवार, १० नोव्हेंबर. पाडवा

सरस्वतीने ओवाळलं. ओवाळणी घातली. पाटावर बसल्या बसल्या तिला तहाच्या अटी सांगितल्या. शेजाऱ्याने बारवी प्रकरणाची जबाबदारी घ्यावी. जिन्यात ओरडणं बंद करावं. यापुढे माझ्या पॉझमध्ये तोंड घालू नये. एवढं मान्य असेल तर दौलतराव अबोला सोडायला तयार आहेत असं अंजनीला सांग.

सरस्वतीने तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, अहो, त्यांना कुठे माहितीये तुमचा अबोला आहे ते.

मला समजलं नाही. पुन्हा सांग म्हणालो.

ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. बारवीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने जिन्यात तीनदा हाक मारली. मी बघितलं नाही. अंजनी घाबरून विचारायला आली की दौलतराव रागावलेत का. एका विनोदासाठी रागावलेत हे सांगायची सरस्वतीला लाज वाटली. तोंडातून निघून गेलं की नाही हो, कारखान्यातल्या मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, उजव्याने थोडंफार येतं. पण त्यांच्यासमोर काढू नका, मनाला लावून घेतात.

मी म्हणालो, स्टोअर्समध्ये मशीन नाही. टेबलफॅन आहे.

ती म्हणाली, तेव्हा तेवढंच सुचलं.

कुणाकुणाला माहीत आहे, विचारलं. बेलवली सगळी, म्हणाली. कुळगाव निम्मं.

पहिल्या रांगेतली खुर्ची. मास्तरांच्या चिठ्ठ्या. वाण्याची बोटं. वेणूबाईंचे हुंदके. मी पाटावरून उठलोच नाही. उदबत्ती विझली तरी तिथेच.

विचारलं, मग तो ओरडतो ते? ती म्हणाली, तुम्हाला ऐकू यावं म्हणून. रोज येता-जाता ओरडतात, एक दिवस चुकवला नाही. तुम्ही हूं की चूं करत नाही, तरी बोलत राहतात. फळ्यावर लिहिलंत ना परवा, तेच करतायत ते तीन वर्षं.

आणि नाव मागे घेतलं ते? म्हणाली, ऐकू येत नसून एवढं वाचतो हा माणूस, याला मान मिळू दे, असं म्हणाले.

तीन वर्षं भांडलो. एकटाच. समोर कुणी नव्हतंच. आजवर त्याच्या केसांचा, स्कूटरचा, हसण्याचा हेवा होता. आता त्याच्या चांगुलपणाचा वाटतोय. हा सगळ्यात वाईट. केसांच्या बाबतीत निदान उद्या टक्कल पडायची आशा असते.

शनिवार, १२ नोव्हेंबर

ठरलं. उद्या खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य: बंधुभगिनींनो, मला ठणठणीत ऐकू येतं. सत्य. एकच वाक्य. पान नाही, पॉइंट नाही.

सरस्वतीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं आहे, पण लोक विचारतील मग तीन वर्षं बोलत का नव्हता.

दुसरं वाक्य लिहायला बसलो. संध्याकाळ झाली. बारवीचा विनोद, पॉझ, असं लिहून बघितलं. कागदावर फारच लहान दिसतं.

तरी सांगणार. संकल्प पक्का. शिवाय त्यानंतर तोच विनोद सांगायचा, शेवटचं वाक्य स्वतः म्हणायचं आणि बारवीचा हिशोब पुरा करायचा.

रविवार, १३ नोव्हेंबर

अध्यक्ष झालो. हार घातला. बाहेरच्या बोर्डावर माझं नाव रंगवलंय, रंग अजून ओला होता. नानासाहेबांनी हात धरून खुर्चीत बसवलं. उजवा पाय डाव्यावर टाकायचं राहून गेलं.

उभा राहिलो. म्हणालो, बंधुभगिनींनो. समोर वेणूबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसलेल्या. सत्य सांगण्याआधी वातावरण जरा हलकं करावं म्हणून विनोद आधी घेतला. शेवटच्या वाक्याआधी पॉझ घेतला. यावेळी कुणी बोललं नाही. शांतता. मी शेवटचं वाक्य म्हटलं. शांतता तशीच. लोक मायेने बघत होते. हसला फक्त हेमचंद्र. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग सत्य. तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तर म्हणाले, थांबा, एक छोटीशी भेट आहे. हेमचंद्र डबी घेऊन आला. कानाचं मशीन. त्याच्या शेटचा साडू उल्हासनगरला असा माल करतो, वर मेड इन यूएसए छापलेलं. त्याने अलगद माझ्या उजव्या कानात बसवलं, बटण फिरवलं. मशीनमध्ये भाजी फोडणीला टाकल्यासारखा आवाज व्हायला लागला. सगळा हॉल श्वास धरून बसला. सरस्वती पदर तोंडाला लावून.

हेमचंद्र दोन पावलं मागे गेला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा साध्या, हळू आवाजात म्हणाला, दौलतराव, येतंय का ऐकू?

त्याचा खरा आवाज चांगला आहे. आणि माझ्यासाठी वाट मोकळी होती. येतंय, एवढंच म्हणायचं. बहिरेपण गेलं, अबोला गेला, कुणाला काही सांगायची गरज नाही. सगळं एका शब्दात मिटत होतं.

पण मला पुढचं दिसलं. मी येतंय म्हणणार आणि हॉल उठून उभा राहणार. टाळ्या हेमचंद्रला. हार माझ्या गळ्यात आणि टाळ्या त्याला. जन्मभर लोक म्हणणार, दौलतरावांना हेमचंद्रने कान दिले. पुन्हा बारवी.

तीन वर्षांनी मी त्याच्याशी पहिलं वाक्य बोललो. म्हणालो, जरा मोठ्याने बोला.

सरस्वती उठून पाणी प्यायला गेली. हेमचंद्रने माझा हात हातात घेतला, उजव्या कानाशी वाकला आणि पूर्वीसारखा ओरडला, काळजी करू नका, दुसरं आणू! टाळ्या त्यालाच पडल्या.

आता ठरलंय असं. दर मीटिंगला तो माझ्या उजवीकडे बसणार आणि कोण काय म्हणतंय ते मला ओरडून सांगणार. पुढच्या रविवारी कान दाखवायला उल्हासनगरला न्यायचंय. स्कूटरवर मागे मी बसायचं.